भागूआक्काची डबी

शिवाच्या हातातली पोर ओठांपाशी निळी पडली होती, आणि समोर बसलेल्या बायका पदरानं डोळे पुसत होत्या, कारण त्यांना ते नाटक वाटत होतं. शिवानं पोरीला एकदा हलवलं. मग जोरात हलवलं. तिची मान मागं पडली ती वर आली नाही. नाटकातलं वाक्य होतं, 'देवा, माझ्या दारूनं माझं लेकरू खाल्लं.' ते वाक्य त्यानं म्हटलं नाही. तो हळू आवाजात म्हणाला, "तानी, हिचा श्वास बघ."

तानी त्याची बायको. ती स्टेजवर नव्हती, खाली बायकांत पुढं बसली होती. नवऱ्यानं नाटकाच्या भरात आपलं नाव घेतलं असं तिला वाटलं. ती लाजून खाली बघून हसली.

तेवढ्यात मागून एक म्हातारी उठली. बसलेल्या बायकांच्या मांड्यांवर पाय देत, वाट काढत ती पुढं आली. कुणीतरी म्हणालं, "आक्का, दिसंना की आमाला. बस की खाली." ती थांबली नाही. फळ्यांच्या स्टेजला पायऱ्या मागच्या अंगाला होत्या. ती पुढूनच, गुडघा टेकून वर चढली. ही भागूआक्का, शिवाची आई. तानीला दिवस गेले होते तेव्हापासून मायलेकांत एक शब्द झाला नव्हता.

"दे हिकडं," ती म्हणाली.

शिवानं पोर छातीशी धरली. "हात लावू नको."

"मीच दिलीया तिला गोळी. काय करायचं ते मलाच ठावं हाय. दे."

तीस साली सोलापुरात मार्शल लॉ लागला, त्याच्या आधीची ही गोष्ट. मी तेव्हा चौथीत होते. पुढं शाळा झाली नाही. त्यामुळं मला जे लिहिता येतं ते एवढंच, सरळ. भागूआक्कावर कुणीतरी लिहावं असं ती कुणी मोठी नव्हती. पण आमच्या चाळीतल्या निम्म्या लोकांनी तिच्या हातची गोळी खाल्लेली आहे, मीही खाल्लेली आहे, आणि आता तिला पाहिलेलं माणूस माझ्याशिवाय फारसं उरलेलं नाही.

सोलापुरात गिरणीच्या चाळीत आमची खोली होती. समोरची खोली भागूआक्काची. मधे सांडपाण्याची गटार. ती मूळची मंद्रूपकडची. नवरा दारूनं गेला. पोटाला पाहिजे म्हणून पोर कडेवर घेऊन शहरात आली आणि गिरणीच्या कांडीखात्यात सूत भरायच्या कामाला लागली. मग डोळ्याला तुटलेला धागा दिसेना झाला तेव्हा काम सुटलं. तेव्हापासून ती चाळीतल्या बायकांची तान्ही पोरं सांभाळायची.

सकाळचा पहिला भोंगा झाला की बायका धावत तिच्या दारात यायच्या. पोर द्यायच्या आणि तशाच पळायच्या. फाटकातून आत जायला उशीर झाला तर जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, दिवसभर उभं-आडवं बोलायचा. भागूआक्का पोराला आधी हातावर तोलायची. तिच्याकडं तराजू नव्हता. पोर तळहातावर घ्यायची, दोनदा वरखाली करायची, आणि म्हणायची, "ह्याला बारीक पुरंल," किंवा "हे लई दांडगं हाय, ह्याला जरा थोर." मग कमरेची पितळी डबी काढायची. डबीत काळी, चिकट अफू. करंगळीच्या नखानं थोडी उचलायची, अंगठा आणि मधल्या बोटात फिरवायची. बाजरीच्या दाण्याएवढी गोळी व्हायची. ती आईच्या दुधाच्या थेंबात नाहीतर मधात घालून पोराच्या जिभेवर ठेवायची. तिच्या अंगठ्याचं नख कायम काळं असायचं.

ह्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. तिला बाळगोळी म्हणायचे. दुकानातही मिळायची. आई दिवसभर साच्यापाशी उभी, तिच्या छातीत दूध दाटलेलं, पोर घरी रडून रडून बेंबी वर काढणार. त्यापेक्षा झोपलेलं बरं, असं सगळ्यांचंच मत. भागूआक्काचं एक बोलणं ठरलेलं होतं, "झोपलेलं पोर कुणाचं वाईट करीत न्हाय."

मी शाळेतून आले की माझ्या धाकट्या भावाला बघायला तिच्या खोलीत जायची. ती खोली मला आजही डोळ्यांपुढं आणता येते, पण आणावीशी वाटत नाही. पोत्यांवर पोरं ओळीनं निजवलेली. बाहेर चाळीत भांडणं, भांड्यांचे आवाज, कोंबड्या. आत काही नाही. एवढी पोरं आणि एकाचाही आवाज नाही. माशी पोराच्या डोळ्यावर बसली तरी पोर डोळा हलवायचं नाही. भागूआक्का दाराशी बसून झावळीच्या पंख्यानं माशा वारायची आणि अधूनमधून प्रत्येकाच्या नाकापुढं बोटाची पाठ धरून बघायची. मला वाटायचं, ती लाड करते.

एकदा एका पोराच्या नाकापुढं बोट धरून ती तशीच राहिली. मग दुसरं बोट धरून बघितलं. मग पदर घेऊन त्या पोराचं तोंड झाकलं आणि मला म्हणाली, "जा, गंगीला फाटकावरनं बलीव." गंगी आली, रडली. चाळीतले म्हणाले, देवाची मर्जी, पोर मुळातच अशक्त होतं. खरंच अशक्त होतं. दुसऱ्या दिवशी भोंगा झाला आणि बायका आपापली पोरं घेऊन दारात उभ्या राहिल्या. गंगीही पुढच्या वर्षी दुसरं पोर घेऊन आली. न येऊन करणार काय.

अशी ही बाई दारूचं मात्र नाव काढू द्यायची नाही. बाजाराच्या वाटेवर शिंदीचं दुकान होतं. ते टाळायला ती अख्ख्या पेठेला वळसा घालून जायची. चाळीत कुणी पिऊन आला तर केरसुणी घेऊन उभी राहायची. एकदा रंगखात्यातला पांडू पिऊन तिच्या ओट्यावर बसला. तिनं त्याच्या डोक्यावर गटारीचं पाणी ओतलं.

"आक्का, थंडी वाजती," तो म्हणाला.

"वाजू दे. निदान काय वाजतंय ते तरी कळतंय तुला."

हाच पांडू पुढं नाटकात शिवाच्या बायकोचं काम करायचा.

शिवा तिचा एकुलता. साचेखात्यात होता, हात चांगला होता. पगार झाला की प्यायचा. फार नाही, पण बापासारखा प्यायचा, म्हणजे हसत सुरू करायचा आणि भिंतीला डोकं आपटून थांबायचा. तानीला दिवस गेले होते तेव्हाची गोष्ट. दुपारी तो झिंगत आला आणि दारातच बसला. भागूआक्का आत गोळ्या करत होती. ती उठली. त्याची वळकटी बाहेर टाकली, तानीचं लुगडं टाकलं, दोन भांडी टाकली. पोत्यावरच्या पोरांपैकी एकही जागं झालं नाही.

"माझ्या घरात नशा न्हाय चालायची," ती म्हणाली. "बापाला निस्तारलं तेवढं बास झालं."

तानी म्हणाली, "आत्या, मी कुटं जाऊ असल्या अवस्थेत?"

"तुझ्या नवऱ्यासंगं जा. त्याला दोन पायावर हुबा कर आन मग ये."

तेव्हा तिच्या अंगठ्याला अफू लागलेली होती. मी समोर आमच्या दारात उभी होते, मला दिसली. तिला स्वतःला दिसली नाही.

ती स्वतः खायची हे सगळ्यांना माहीत होतं. सकाळी पोरांच्या गोळ्या झाल्या की एक आपल्याला, आणि दुपारी उन्हं कलायला लागली की एक. "कंबरंसाठी" म्हणायची. कांडीखात्यात उभं राहून तिची कंबर गेली होती, ते खोटं नव्हतं. तंबाखू खातात तशी ती खायची. त्याला व्यसन म्हणायचं असतं हे चाळीत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. व्यसन म्हणजे दारू. दारूनं माणूस पडतं, ओकतं, बायकोला मारतं. भागूआक्का पडत नव्हती आणि कुणाला मारत नव्हती.

शिवा दोन ओळी सोडून पलीकडं राहायला गेला. मुलगी झाली तेव्हा चाळीतल्या बायका भागूआक्काला सांगायला आल्या. ती म्हणाली, "कुणाला झाली? मला ल्योक न्हाय." पण त्या दिवशी तिनं माझ्या आईला तीनतीनदा विचारलं, पोर कुणासारखी आहे. आई म्हणाली, "नाक तुमचं हाय, आक्का." त्यावर ती म्हणाली, "मग रडकी असंल," आणि आत गेली.

मुलगी झाल्यावर शिवानं दारू सोडली. कशी सोडली मला माहीत नाही. लोक म्हणायचे, तानीनं पोर त्याच्या मांडीवर ठेवली आणि विहिरीकडं तोंड करून बसली. ते खरं असेल नसेल. सोडली हे खरं. तो नाटकमंडळीत गेला. गिरणीतल्या लोकांनी मंडळी काढली होती आणि शाळेतल्या एका मास्तरांनी त्यांना दारूबंदीवर नाटक लिहून दिलं होतं. दारूड्याचं काम शिवाला दिलं. मास्तर म्हणायचे, ह्याला पडायला शिकवावं लागलं नाही.

नाटक असं होतं. एक चांगला कामगार दारूला लागतो, म्हातारी आई त्याला घराबाहेर काढते, बायको उपास काढते, आणि शेवटी पोर आजारी पडून बायकोच्या मांडीवर मरतं. तो पिऊन घरी येतो, मेलेलं पोर हातात घेतो आणि शुद्धीवर येतो. म्हातारीची गोष्ट मास्तरांना कुठून सुचली हे सगळ्या चाळीला कळत होतं. भागूआक्कालाही.

पहिल्या खेळाला पोराच्या जागी लाकडी बाहुली होती. ऐन रडायच्या वेळी तिचा हात निखळून स्टेजवरून खाली गडगडत आला. गडी माणसं इतकी हसली की पडदा पाडावा लागला. पांडूला तर महिनाभर लोक विचारत होते, "का रं, लेकराचा हात सापडला का?" त्यामुळं पुढच्या खेळाला खरं पोर घ्यायचं ठरलं. मरायचं काम असल्यानं पोर गप्प पाहिजे. गप्प ठेवायचं कसं ह्याचा कुणाला विचार करावा लागला नाही.

तो खेळ संक्रांतीतल्या गड्ड्याच्या जत्रेत होता. गिरणीला सुट्टी होती. दुपारचा खेळ फक्त बायकांसाठी ठेवला होता, चाळीमागच्या मैदानात, ताडपत्रीखाली. अशा खेळाला बायका जेवण आटोपून, पोरं घेऊन, जागा धरायला लवकर जायच्या. तानीनं आपली पोर स्टेजमागं पांडूच्या हातात दिली आणि जागा धरायला पळाली. घरून निघताना तिनं पोरीला दुकानातली एक गोळी दिलेली होती. ती पांडूला सांगायचं राहिलं. सांगण्यासारखं काही आहे असंही तिला वाटलं नसणार.

गोळी चढायला वेळ लागतो. पांडूच्या हातात पोर कुरकुरायला लागली. त्याला बाहुलीचं हसं आठवलं असेल. तो तसाच, नऊवारी नेसून, मिशा काढलेल्या तोंडाला पावडर लावून, कडेवर पोर घेऊन चाळीत आला. मागं आम्हा पोरांची रांग. भागूआक्का दाराशी बसली होती. नाटकाला जायचं का नाही ह्याचा विचार करत सकाळपासून ती तिथंच होती.

"आक्का, एक बारीक गोळी द्या की. हिला गप ऱ्हायला पायजे."

"आधी तू कोण ते सांग. लुगडं तर चांगलं नेसलाईस."

"मी पांडू, आक्का. चेष्टा नका करू, घंटा व्हईल आता."

"आन ही कुणाची?"

"शिवाची," तो म्हणाला.

भागूआक्कानं हात पुढं केले. नातीला तिनं तेव्हा पहिल्यांदा घेतलं. मांडीवर घेतली नाही, सवयीनं तळहातावर घेतली आणि दोनदा वरखाली केली. बराच वेळ तिच्या नाकाकडं बघत राहिली. मग डबी काढली. एरवी ती पोर देणाऱ्या प्रत्येक बाईला विचारायची, "सकाळधरनं काय दिलंस का?" कधीही न विचारता गोळी दिली नव्हती. त्या दिवशी विचारायचं तर तानीला विचारावं लागलं असतं, आणि तानीशी ती बोलत नव्हती. पांडूला विचारून काय उपयोग. तिनं गोळी केली, पोरीच्या जिभेवर ठेवली, तोंड पुसलं आणि पोर परत दिली. आणि पांडू वळल्यावर डोक्यावर पदर घेऊन त्याच्या मागं नाटकाला गेली.

तर स्टेजवर. शिवानं पोर तिच्या हातात दिली की तिनं ओढून घेतली, ते मला नीट दिसलं नाही. तिनं पोरीची पापणी वर केली. मग वळून खाली बायकांकडं बघितलं आणि ओरडली, "तानी, तू काय दिलंस हिला?"

तानी उभी राहिली. अजूनही तिला धड कळलं नव्हतं. "एक गोळी. दुकानातली."

"कवा?"

"निघताना."

भागूआक्का खाली बसली. "म्या बी दिली," ती म्हणाली. कुणाला उद्देशून नव्हे.

तेव्हा बायकांना कळलं. ताडपत्रीखाली बसलेल्या प्रत्येक बाईच्या मांडीवर पोर होतं, आणि त्यातली बरीचशी झोपलेली होती. एकीनं आपल्या पोराला चिमटा काढला. मग सगळ्याच काढायला लागल्या. आमच्या शेजारी अक्कलकोटकडची एक म्हातारी होती, ती कानडीत "यव्वा, यव्वा" म्हणत नातवाच्या गालावर चापट्या मारत होती. मिनिटाभरात मैदानात पोरांचा एकच आकांत उठला. स्टेजवरची तेवढी गप्प होती.

जत्रेमुळं दवाखाना बंद होता. मास्तर डॉक्टरला शोधायला सायकलवर गेले ते संध्याकाळ होऊन गेल्यावर एकटेच परत आले. जे काही करायचं ते भागूआक्कानं केलं. पोरीला उघडी केली, ओल्या फडक्यानं तळपायावर सटके मारले. सुईण जन्मलेल्या पोराला फुंकर घालते तशी तोंडाला तोंड लावून फुंकर घातली. छाती वर आली की थांबायची, खाली गेली की परत घालायची. आईकडून कोरा चहा करवून आणला, जिभेवर थेंब सोडला. पोर मधेच एक श्वास आपणहून घ्यायची आणि परत विसरायची. मग परत फुंकर. पडदा कुणी पाडला नाही. मागं रंगवलेलं झोपडं, रंगवलेली चूल, आणि पुढं ही बसलेली. तानी तिच्यापुढं उकिडवी बसून पोरीचे तळपाय चोळत होती. शिवा उभा होता. त्याच्या तोंडाला दारूड्याचा लाल रंग तसाच होता.

उन्हं कलायला लागली तेव्हा भागूआक्काला जांभया यायला लागल्या. नाक गळायला लागलं. कपाळाला घाम, आणि हात असे कापायला लागले की फडकं पडायचं. बायका म्हणाल्या, म्हातारी घाबरली. आई म्हणाली, "घाबरली न्हाय. तिची वेळ टळली."

भागूआक्कानं फुंकर घातली ती पोरीच्या गालावर गेली. परत घातली, परत चुकली. हात कापत होते म्हणून पोरीचं तोंड धरवत नव्हतं. तिनं तानीला म्हटलं, "माझ्या कमरंची डबी काढ."

तानी पोरीचे तळपाय चोळतच राहिली.

"काढ म्हन्ते ना. मला घालीव. न्हायतर ही जाईल माझ्या हातात."

तानीनं डबी काढली. तिला गोळी करता येईना, तेव्हा भागूआक्कानंच बोटानं काढली आणि तोंडात टाकली. सगळ्या बायकांच्या देखत, लेकाच्या देखत, नात मांडीवर असताना. मग डोळे मिटून, दात आवळून बसली. तेवढा वेळ आईनं स्टेजवर चढून फुंकर घातली. थोड्या वेळानं भागूआक्काचे हात थांबले. तिनं आईला बाजूला सारलं आणि परत सुरू केलं.

शिवा म्हणाला, "आन दारूडा मी."

तिला फुंकर घालायची होती.

दिवेलागणीला पोर रडली. मोठ्यानं नाही, मांजराच्या पिल्लासारखी. भागूआक्कानं तिला लगेच तानीच्या हातात दिली आणि म्हणाली, "झोपू देऊ नका. रडू दे किती रडायची ती." शिवानं बायकोच्या हातून पोर घेतली आणि स्टेजच्या मागच्या पायऱ्या उतरून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी भागूआक्का पोरीला बघायला गेली. आम्ही पोरी नळावर होतो, तिथून शिवाचं दार दिसायचं. शिवा उंबऱ्यात उभा राहिला. तो चिडलेला नव्हता. अगदी सावकाश म्हणाला, "माझ्या घरात नशा न्हाय चालायची, आई." ती म्हणाली, "बरुबर हाय," आणि परत आली. बोलणं तिचंच होतं, तिला ते ओळखू आलंच असणार.

त्यानंतर तिनं पोरांना गोळी देणं बंद केलं. पोर आणलं तर सांभाळायची, पण गोळी नाही. मग तिच्या खोलीतून सकाळपासून रडण्याचा आवाज यायला लागला, तो सुट्टीच्या भोंग्यापर्यंत. चाळीतल्या रात्रपाळीच्या लोकांनी तक्रार केली. बायका दोनचार दिवस बघून पोरं दुसरीकडं न्यायला लागल्या. पलीकडच्या चाळीत एक बाई होती, ती गोळी द्यायची. माझ्या आईनंही भावाला तिकडं नेला. "तू तर सोता बघितलंस," मी आईला म्हटलं. आई म्हणाली, "बघितलं. मग काय करू, गिरणी सोडू?" महिना-दीड महिन्यात भागूआक्काची खोली रिकामी झाली.

पुढं शिवा आजारी पडला. तानीला गिरणीत लागावं लागलं. पोर ठेवायची कुठं? अख्ख्या चाळीत गोळी न देणारी बाई एकच होती.

ती सकाळी पोर घेऊन सासूच्या दारात आली तेव्हा मी गटारीपाशी भांडी घासत होते. तानी म्हणाली, "आत्या, पोर ठिवते. पर ती डबी मला द्या."

"मी गोळी देत न्हाय आता कुनालाच."

"ठावं हाय. तरीबी द्या. तुमी खाऊन झोपलात आन ही चुलीत गेली तर?"

भागूआक्का जरा हसली. "माझ्यापरास शानी झालीस," ती म्हणाली. तिनं कमरेची डबी काढली आणि दिली. तानीनं ती कनवटीला लावली आणि पोर पुढं केली. संध्याकाळी उलटं. आधी पोर घ्यायची, मग डबी द्यायची. मी चाळीत होते तोवर हे रोज चाललं. शिवाला ते माहीत होतं, पण त्यानं कधी विचारलं नाही आणि तो आईच्या दारातही आला नाही. पोर चालायला लागली, तिचं नाव सुंदरा. भागूआक्काच्या पदराला धरून ओट्यावर फिरायची, भांडी आपटायची, दिवसभर मोठ्यानं काहीतरी बोलायची. भागूआक्का तिला कधी गप्प बस म्हणाली नाही.

दुपार झाली की भागूआक्काचं नाक गळायचं. अंगावर काटा यायचा. उन्हातही ती वाकळ पांघरून बसायची, आणि वाकळीच्या आत सुंदरा. डबी गिरणीत, तानीच्या कनवटीला.

माझं लग्न मंगळवेढ्याला ठरलं. ज्या दिवशी निघायचं त्याच्या आदल्या संध्याकाळी गिरणीत काहीतरी बिघाड झाला आणि सुट्टीचा भोंगाच झाला नाही. दिवे लागले तरी बायका आल्या नाहीत. भागूआक्का उंबऱ्यावर बसली होती. दात वाजत होते, पाय आपोआप झटकले जात होते, घामानं केस कपाळाला चिकटलेले. सुंदराला तिनं पदरानं आपल्या पोटाशी बांधून टाकलं होतं. दोन गाठी मारल्या होत्या, आणि त्या गाठींवर तिचे हात होते. पलीकडच्या चाळीत गोळीवाली बाई होती, मागितली असती तर तिनं एक दिली असती. चालत जायला वेळ लागला नसता.

मी विचारलं, "आक्का, पोरीला मी घिऊ का? तुमी जाऊन या."

"जा घरी," ती म्हणाली. "लगीन हाय तुझं."

ती गिरणीच्या रस्त्याकडं बघत होती. मी तिला शेवटचं बघितलं ते असं.

भागूआक्का पुढच्या उन्हाळ्यात गेली, मी मंगळवेढ्याला असताना. शिवानं खांदा दिला, असं आईनं सांगितलं. तो पिऊन आला होता का, हे मी विचारलं नाही. पुढं तो परत प्यायला लागला आणि त्यातच गेला. तानी गिरणीत म्हातारी झाली आणि गेली. पांडू, मास्तर, माझी आई, कुणी राहिलेलं नाही. माझा भाऊही त्या पलीकडच्या बाईकडं असतानाच गेला. देवाची मर्जी म्हणाले.

सुंदरा जगली. अजून आहे, सोलापुरातच.